गाडीचे जुने मालक

जुने मालक रिक्षात मागे बसले तरी उजव्या पायाने ब्रेक दाबत. पायाखाली नुसता पत्रा, पण पुढची गाडी जरा थांबली की ह्यांचा पाय दणकन खाली. एकदा मी मरोळ नाक्यापासून वाकोल्यापर्यंत त्यांच्या शेजारी बसून गेलो, तर उतरताना माझीच पोटरी दुखत होती, कारण बघून बघून मीही दाबायला लागलो होतो. शहरातल्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण पाय काही रिटायर झाला नव्हता. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, साधा ओरखडा नाही, म्हणून डेपोने त्यांना एक प्रशस्तिपत्रक दिलं होतं. ते फ्रेम करून त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावलं होतं. घरात शिरणाऱ्या माणसाला आधी ते वाचावंच लागे, मग पाणी मिळे.

आता ते नाहीत. समोर मी त्यांना काका म्हणायचो. पण आमच्या घरात त्यांचं नाव 'जुने मालक' पडलं ते माझ्या बायकोमुळे. त्यांच्याकडून मी मोटरसायकल विकत घेतली होती. रविवारी सकाळी ते आमच्या बिल्डिंगखाली हजर झाले की ती गॅलरीतून वाकून बघायची आणि सांगायची, "तुझे जुने मालक आले रे. जा, हजेरी लाव."

मोटरसायकल मी का घेतली, हे नीट सांगता येण्यासारखं नाही. वय सेहेचाळीस, पोट पुढे आणि मालाडच्या एका ऑफिसात कामगिरी अशी, की लोकांना वेळेचं नियोजन शिकवायचं. कुठलं काम आधी, कुठलं मग, आजचं काम उद्यावर का ढकलू नये, ह्यावर मी रंगीत चित्रं दाखवून दोन-दोन तास बोलतो आणि लोक वहीत लिहून घेतात. घरी मात्र फोनवर जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघायचो. गंजकी गाडी घ्यायची, खोलायची, काळी कुळकुळीत रंगवायची, चपटी सीट लावायची आणि मग सूर्यास्ताकडे बघत उभं राहायचं. पैकी मला फक्त शेवटचं येत होतं.

वाकोल्याला एका बिल्डिंगच्या गेटाशी ही गाडी उभी दिसली. शंभर सीसीची, तेरा वर्षं जुनी, हँडलला पुठ्ठा बांधलेला, त्यावर सुंदर अक्षरात 'विकणे आहे'. मी वर गेलो, प्रशस्तिपत्रक वाचलं, पाणी प्यालो. ट्रायल घेऊ का म्हणून विचारलं तर म्हणाले, "घ्या की. मी बसतो मागे." कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. तुमचं बघावं लागेल."

तरी त्यांनी ती मलाच दिली. पुढे कधीतरी मी विचारलं, काका, माझ्या आधी चार जण येऊन गेले होते, मग मलाच का? "त्या चौघांनी पहिलं विचारलं, पळते किती," ते म्हणाले. "तुम्ही विचारलं, रंग ओरिजिनल आहे का. म्हटलं, हा माणूस काही जोरात नेणार नाही."

त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. कडेचं दिसेनासं झालं तेव्हा चावी भिंतीवरच्या खिळ्याला लावली ती लावलीच. विकताना माझ्याकडून त्यांनी एकच शब्द घेतला. "पंधरा दिवसांत गाडी तुमच्या नावावर करा साहेब. माझ्या नावाला आजवर डाग नाही. तेवढा लागू देऊ नका." मी म्हटलं, काका, पंधरा कसले, आठवडा धरा. वेळेचं नियोजन शिकवणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर बायकोने मीटर बघितलं. एक्केचाळीस हजार. मी छाती फुगवून म्हटलं, तेरा वर्षांत फक्त एक्केचाळीस, म्हणजे गाडी जवळजवळ नवीच. पहिल्याच रविवारी जुने मालक आले, तेव्हा तिने चहा देता देता खात्रीसाठी त्यांना विचारलं. "नाही ताई," ते शांतपणे म्हणाले, "एक लाख एक्केचाळीस. मीटरला पाचच घरं आहेत. एकदा सगळे नऊ होऊन परत शून्यावर आलंय. साहेबांना मी सांगितलं होतं." सांगितलं होतं, हे खरं. मी तेव्हा सूर्यास्ताचा विचार करत होतो. बायको वेंगुर्ल्याची. ती फक्त म्हणाली, "तुका कोणीय इकल्यान असता," म्हणजे तुला कोणीही बाजारात विकलं असतं, आणि कप उचलून आत गेली.

ते पहिल्या रविवारी का आले, हे मला नीटसं कळलं नव्हतं. मला वाटलं, काही कागद राहिला असेल. पण त्यांनी पिशवीतून पाने काढले, जुनी बनियन काढली, वॉचमनचं प्लास्टिकचं स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाले, "बसा खाली. पहिले चेन." मी बसलो. त्यानंतरचे सगळे रविवार मी खालीच बसलेला होतो. ते स्टूलवर, मी फरशीवर, मधे गाडी. स्वतः त्यांनी क्वचितच हात लावला. "मी केलं तर तुम्हाला काय येणार?" असं म्हणत. माझ्या मनातली काळी कुळकुळीत गाडी मी त्यांना फोनवर दाखवली, तेव्हा त्यांनी फोन नाकाशी धरून बराच वेळ पाहिलं. "मडगार्ड काहून काढलं ह्यानं?" त्यांनी विचारलं. मुंबईत जन्म गेला, तरी चकित झाले की मूळची मेहकरची बोली बाहेर यायची. मी म्हटलं, दिसायला बरं दिसतं. "चिखल कुठं जाईल?" मडगार्ड राहिलं.

कार्बोरेटर खोलायचा होता त्या रविवारी मी त्यांची वाट न बघता स्वतःच सुरुवात केली. चार व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. पेट्रोल सांडलं, ते ठीक. पण आतली फ्लोटची पिन, सुईच्या अर्ध्याएवढी, माझ्या बोटांतून निसटली, फरशीवर टणटण करत गेली आणि बिल्डिंगच्या गटाराच्या जाळीतून खाली पडली. जुने मालक आले, त्यांनी मला पालथं पडून जाळीत टॉर्च मारताना बघितलं. वॉचमनकडून सुतळी मागून घेतली, भंगारवाल्याकडून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं, त्याला सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिली. दोन तास मी गटारात गळ टाकून बसलो होतो. येणारा-जाणारा प्रत्येक शेजारी थांबून काय लागलं का म्हणून विचारत होता. खिळे निघाले, बाटल्यांची बुचं निघाली, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची हरवलेली चावी निघाली. शेवटी पिन निघाली. जुन्या मालकांनी ती पेट्रोलमध्ये धुतली, बनियनला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "आता मूठ बंद करा," म्हणाले, "आणि मी सांगेपर्यंत उघडू नका."

गाडी चालवण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "पळवता सगळ्यांना येते साहेब. थांबवता येते का बोला." पुढच्या गाडीचं मागचं चाक आणि त्याखालचा रस्ता, दोन्ही दिसायला हवेत, एवढी जागा सोडून उभं राहायचं, हे त्यांनी मला स्टूलवर बसून, दोन चपला पुढे-मागे ठेवून शिकवलं. मी मान डोलवायचो. सोमवारी सकाळी ऑफिसला उशीर झाला की त्याच दोन चपला माझ्या डोक्यातून पार निघून जायच्या.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, नाव काही बदललं नाही. रोज ठरवायचो, आज ऑनलाइन फॉर्म भरायचा. रविवारी काका विचारायचे, झालं का? मी म्हणायचो, ह्या आठवड्यात नक्की. एक दिवस मालाडला माझं भाषण ऐन रंगात आलं होतं, फळ्यावर 'आत्ता' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला होता आणि फोन वाजला. काका होते. "साहेब, काल संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी तुम्ही चकाल्याच्या सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगवर उभे होता." मी चाटच पडलो. विचारलं, तुम्ही तिथे होता का? "मी कशाला? कॅमेरा होता. माझ्या फोनवर चलान आलंय. माझ्या नावाचं."

त्या चलानाचं त्यांनी काय केलं, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. ते फोन घेऊन वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेले होते. बरोबर प्रशस्तिपत्रक नेलं होतं, भिंतीवरून उतरवून, फ्रेमसकट. हा मी नव्हे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तिथल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आजोबा, कागदावर नाव तुमचंच आहे ना, मग तुम्हीच. ते ऐकून ते चालत घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. सुनेने हे मला रागावून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी फॉर्म भरायला बसलो. आधार कार्डावरचा पत्ता जुना निघाला. तो बदलायला हवा होता. म्हटलं, उद्या बदलू.

दुसरं चलान आलं ते बायकोमुळे. निदान मी तसं म्हणतो. बाजारातून येताना ती मागे बसली होती आणि हेल्मेट तिने हातात अडकवलं होतं. चलानाबरोबर फोटोही येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकांचा फोन आला. "ताईंचं हेल्मेट कोपरावर आहे. कोपराला काय होणार आहे?" मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांचं पुढचं वाक्य आलं. "आणि फोटोत चेन लोंबलेली दिसते. रविवारी येतो."

तिथून काहीतरी बदललं. चलान आलं की आधी ते मला झापायचे आणि मग फोटो बघून गाडीची तब्येत सांगायचे. मागच्या चाकात हवा कमी आहे. सायलेन्सरचा नट सुटलाय. आणि साहेब, तुम्ही जाड झालात, शॉक अब्जॉर्बर बसलेत. मीही हळूहळू सुधारत होतो, निदान कॅमेरे कुठे आहेत ते पाठ झालं होतं. दोन महिने एकही चलान आलं नाही. तेव्हा त्यांचा फोन आला, जरा काळजीतला. "बऱ्याच दिवसांत काही मेसेज नाही. गाडी उभी आहे का?"

अकरा महिन्यांनी माझं आधार कार्ड, माझा पत्ता आणि माझी अक्कल ह्या तिन्ही गोष्टी एकदाच जागेवर आल्या. फॉर्म भरला. आता फक्त जुन्या मालकाच्या फोनवर ओटीपी जाणार, त्यांनी तो मला सांगायचा आणि नाव बदलणार. मी फोन केला. "नाही आला," ते म्हणाले. परत पाठवला. "नाही हो. वाकोल्यात नेटवर्कच नाही आज." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी यंत्रणेला, सरकारला, मोबाईल कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी रविवारी ते स्टूलवर बसलेले असताना मी शेजारी उभा राहून ओटीपी पाठवला. त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, नाकाशी धरला, सावकाश वाचला आणि परत खिशात ठेवला. "जाहिरात आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता चेनला तेल सोडू लागले.

मी तसा मंद माणूस आहे, पण इतकाही नाही. जिना चढून वर गेलो आणि बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गॅलरीतून खाली बघत राहिली. "राहू दे ना त्यांच्या नावावर," ती म्हणाली. "नीट चालव म्हणजे झालं." खरं सांगतो, त्या दिवसापासून मी नीट चालवू लागलो. कॅमेरा असो वा नसो, चपला आठवायच्या. ज्या कामात मी अकरा महिने चालढकल केली, ते काम आता मुद्दाम न करण्यात मला एक वेगळंच समाधान मिळत होतं. फक्त त्यांना चलानाचे मेसेज जात नव्हते, म्हणून मग मीच रोज संध्याकाळी त्यांना कळवायचो, काका, आज सव्वीस किलोमीटर, चेन ठीक आहे.

दिवाळीनंतर त्यांची नजर भराभर उतरली. रविवारी सून त्यांना रिक्षात बसवून देई आणि इथे मी उतरवून घेई. तरी हाताने चाचपून ते ब्रेकची केबल किती सैल आहे ते सांगत आणि बरोबर सांगत. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "तो ओटीपी पाठवा. आज येईल."

मी म्हटलं, काका, घाई काय आहे? राहू दे.

"नाही साहेब," ते म्हणाले. "माझ्या नावाची गाडी रस्त्यावर फिरते आणि मला समोरचा सिग्नल लाल का हिरवा ते दिसत नाही. हे बरोबर नाही. मी एकतीस वर्षं असं केलं नाही."

मी रजा टाकून वाकोल्याला गेलो. त्यांच्या शेजारी बसून ओटीपी पाठवला. फोन वाजला. सून पुढे झाली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. फोन डोळ्यांपासून दोन बोटांवर धरला आणि एक-एक आकडा वाचू लागले. चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सहाव्या आकड्यावर अडले. "तीन आहे की आठ," ते म्हणाले. मला पडदा स्पष्ट दिसत होता. माझ्या तोंडावर आकडा आला होता, पण तो मी सांगावा असं मला वाटेना. त्यांनी फोन थोडा वाकडा केला, खिडकीकडे वळले, एक डोळा मिटला. दहा मिनिटांची मुदत असते. मला घड्याळ बघायची हिंमत झाली नाही. "आठ," ते शेवटी म्हणाले. मी टाकला. आठच होता. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं?" त्यांनी विचारलं. झालं म्हटलं. "मग आता चुकलात तर तुमचं नाव," ते म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, म्हणून वाचलो.

त्या रविवारी ते आले नाहीत. मी साडेनऊपासून खाली उभा होतो. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, तब्येत बरी आहे, पण म्हणतात, गाडी आता साहेबांची, रोज रोज दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? त्या दोन रविवारांत मी वॉचमनच्या स्टूलवर स्वतः बसून पाहिलं. काय करायचं ते कळेना.

तिसऱ्या रविवारी मी गाडी काढून पवईपर्यंत चक्कर मारली, झकास चालली, परत येऊन जागेवर लावली आणि त्यांना फोन केला. "काका, गाडी सुरू होत नाही."

"चोक ओढलात?"

"ओढला."

"प्लग बघितला?"

"बघितला. सगळं करून झालं. हात टेकले मी."

"येतो," ते म्हणाले.

अर्ध्या तासात रिक्षा आली. मी त्यांना हाताला धरून गाडीपाशी आणलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टाकीवरून हात फिरवला, मग वाकून उजवा हात खाली इंजिनाकडे नेला आणि टेकताक्षणी झटकन मागे घेतला. माझा जीव अर्धा झाला. पवईची चक्कर मी विसरलोच होतो.

ते बोटं चोळत उभे राहिले. मग स्टूल चाचपून त्यावर बसले, पिशवीतून पाने काढले आणि पायाशी नीट ओळीत मांडले.

"बिघाड मोठा दिसतो," ते म्हणाले. "दोन-चार रविवार तरी लागतील."

ते काम सात महिने चाललं आणि अर्धवटच राहिलं.